वेगाचं ई-चलान आलंय: भरायचं की भांडायचं?

मोबाइलवर मेसेज येतो. गाडीचा नंबर, ठिकाण, ‘वेगमर्यादेचे उल्लंघन’ आणि दंडाची रक्कम. आयुष्यातलं पहिलं चलान असेल तर माणसं सहसा दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण ‘कटकट नको’ म्हणत फोटोही न बघता पैसे भरून मोकळे होतात. बाकीचे ‘मी एवढी जोरात चालवतच नाही’ असं चारचौघांत सांगतात आणि मेसेज तसाच ठेवून देतात. मग तीन वर्षांनी गाडी विकायला काढली की गिऱ्हाईकच चलानांची यादी दाखवतं.

माझं मत आधीच सांगतो. वेगाची बहुतेक चलानं भरण्यासारखीच असतात. पण काही खरोखर चुकीची असतात. ती ओळखायला फार वेळ लागत नाही, चलान शांतपणे वाचावं मात्र लागतं. हा लेख महाराष्ट्रातल्या चलानांबद्दल आहे, त्यातही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या कॅमेऱ्याच्या रस्त्यांवर मिळणाऱ्या. नुकतीच गाडी घेतलेल्यांना तिथेच पहिला झटका बसतो.

आधी मेसेज खरा आहे का ते बघा

चलानाच्या नावाने फसवणूक जोरात चालते. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल येते. ती उघडली की फोनमध्ये भलतंच ॲप बसतं आणि बँकेचे ओटीपी परस्पर पळवले जातात. म्हणून साधा नियम: मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायचंच नाही. ब्राउझरमध्ये स्वतः महाट्रॅफिक ई-चलानचं सरकारी संकेतस्थळ उघडायचं, किंवा अधिकृत ॲप स्टोअरवरून घेतलेलं महाट्रॅफिक ॲप वापरायचं. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, तेही बघायचं. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की त्या गाडीवरची चलानं दिसतात. हे आकडे आरसीवर असतात.

तिथे चलान दिसलं नाही तर लगेच निश्चिंत होऊ नका. गोव्याला किंवा गुजरातला जाऊन आला असाल तर केंद्राच्या ई-चलान परिवहन संकेतस्थळावरही शोधा, दुसऱ्या राज्यातलं चलान तिथे सापडू शकतं. कोणत्याही सरकारी संकेतस्थळावर काहीच नसेल, तर मेसेज खोटा समजून पुसून टाका.

चलान म्हणजे एक कागद आहे, तो वाचा

बरेच जण फक्त रक्कम वाचतात. रक्कम सगळ्यात शेवटी वाचा. सुरुवात फोटोपासून करा, आणि तो मोबाइलवर अंगठ्याने सरकवत न पाहता डाउनलोड करून मोठा करून पाहा.

नंबरप्लेट स्पष्ट वाचता येते का? कॅमेरा अक्षरं आपोआप वाचतो आणि इंग्रजी ८ चा बी किंवा शून्याचा डी सहज होतो. प्लेट चिखलाने माखलेली असेल, वाकलेली असेल किंवा फॅन्सी अक्षरांत असेल तर चुकीची शक्यता आणखी वाढते. मग गाडी बघा. रंग, मॉडेल, मागच्या काचेवरचं स्टिकर, छतावरचा कॅरिअर, बंपरवरचा ओरखडा. आपली गाडी आपण पाठमोरी रोज बघतो, त्यामुळे ती आपली नसेल तर लगेच खटकते. फोटोत दोन गाड्या शेजारी शेजारी असतील तर वेग नक्की कोणाचा मोजला, हाही प्रश्न उभा राहतो. तो डोक्यात ठेवा.

त्यानंतर चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: तारीख आणि वेळ, ठिकाण (असेल तर किलोमीटरचा दगड आणि दिशा), तिथली वेगमर्यादा, नोंदलेला वेग. शेवटच्या दोन आकड्यांवरच सगळं अवलंबून असतं. ते चलानवर किंवा फोटोच्या पट्टीवर नसतील तर तिथेच तुमचा पहिला आक्षेप तयार होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. कॅमेऱ्याने केलेल्या चलानात काय काय हवं ते त्यात लिहिलं आहे: गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, उपकरणाने घेतलेलं मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण, कोणत्या कलमाचा भंग झाला ते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली असायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे.

याच नियमात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या फार कमी लोकांना माहीत असतात. कॅमेरा लावलेल्या रस्त्यावर ‘पुढे कॅमेऱ्याने वेग तपासला जातो’ अशा अर्थाचे ठळक फलक हवेत. आणि गुन्ह्याची नोटीस घटनेपासून १५ दिवसांच्या आत पाठवायला हवी.

आता मर्यादा. द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारला ताशी १०० किलोमीटर, पण बोरघाटात ६०. अवजड वाहनांना त्याहून कमी. समृद्धी महामार्गावर कारला १२०. मुंबईच्या कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६०, वळणावर ४०. अटल सेतूवर १०० आहे, पण चढ-उताराच्या रॅम्पवर ४०. नव्या माणसाची फजिती इथेच होते. शंभरवर चाललेली गाडी बोगद्यात किंवा घाटात शिरते, पाय उचलायला उशीर होतो आणि फोटो निघतो. रस्ता एकच, मर्यादा तीन. तुम्हाला १०० वाटत होती ती जागा घाटाच्या हद्दीत होती का, हे किलोमीटरच्या दगडावरून ठरतं. द्रुतगती मार्गावर साधारण ३५ ते ५२ किलोमीटर हा घाटाचा पट्टा धरला जातो.

त्या १७ किलोमीटरचा एक हिशेब करून बघा. ताशी ६० ने १७ मिनिटं लागतात, ताशी ८० ने पावणेतेरा. वाचली जेमतेम सव्वाचार मिनिटं. दंडाची रक्कम त्याने भागली तर मिनिटाला किती पडतात ते ज्याचं त्याने बघावं.

पैसे भरले की नेमकं काय होतं

वेगाचा गुन्हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ आणि १८३ खाली येतो. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये आणि मध्यम व अवजड प्रवासी किंवा मालवाहू वाहनाला २००० ते ४००० रुपये दंड आहे. महाराष्ट्राने वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू केले. कारचं चलान सहसा २००० चं येतं ते त्यामुळेच.

पोर्टलवर तुम्ही भरता ती रक्कम म्हणजे कलम २०० खालची तडजोड. कोर्टात न जाता प्रकरण तिथेच मिटतं. इथे कायद्यात एक बारीक कलम आहे, आणि माझ्या मते या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट तीच. २०१९ च्या दुरुस्तीनुसार तडजोड केलेला गुन्हासुद्धा ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जातो. म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा वेगात सापडलात तर तो दुसरा गुन्हा. आणि वेगाच्या दुसऱ्या गुन्ह्याला कलम २०६(४) प्रमाणे लायसन्स जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवण्याची तरतूद आहे. अधिकारी तुमचं म्हणणं ऐकून घेतो आणि त्यानंतर तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित करू शकतो.

घरच्या कारसाठी वर्षातून एखादं चलान येणाऱ्याला हे फार टोचणार नाही. पण टॅक्सी, स्कूल बस, ट्रक, कुरिअरची गाडी चालवणाऱ्याचं पोट लायसन्सवर आहे. त्याने खोटं चलान ‘दोन हजारच तर आहेत’ म्हणून भरू नये. जे चलान तुमचं नाही ते भरलंत, तर न केलेला गुन्हा तुमच्या खात्यावर चढतो.

या कारणांवर भांडू नका

‘सगळेच त्या वेगाने जात होते.’ कोर्टाला त्याचं काही नाही.

‘माझ्या काट्यावर ९८ दिसत होते.’ गाडीचा काटा सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी नाही. कॅमेऱ्याने शंभरच्या वरचा वेग नोंदवला असेल तर काटा त्याहूनही वर असणार, म्हणून ९८ चं म्हणणं कोणाला पटत नाही.

‘कॅमेऱ्यासमोर मी ब्रेक मारला होता.’ द्रुतगती मार्गावरच्या यंत्रणेत दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढता येतो. कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधलं १० किलोमीटरचं अंतर पाच मिनिटांत कापलं तर सरासरी १२० होते. मधे कितीही वेळा ब्रेक मारलात तरी ती बदलत नाही.

‘आजारी माणसाला घेऊन जात होतो.’ खरं असेल तर कागदपत्रांसह जरूर सांगा, समोरचा माणूस ऐकून घेईलही. पण ॲम्ब्युलन्ससारखी सूट खासगी गाडीला नाही, म्हणून याच एका मुद्द्यावर विसंबू नका.

‘गाडी माझा भाचा चालवत होता.’ हे अर्धं कारण आहे. कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं याची माहिती देणं मालकाचं कर्तव्य आहे. गाडी कंपनीची असेल आणि ड्रायव्हर नोकरीत असेल तर हे लेखी कळवणं अगदी योग्य. घरातल्या घरात मात्र त्याचा फायदा एवढाच की चलान भाच्याच्या नावावर जातं. पैसे वाचत नाहीत, आणि दिवाळीला तो येतो तेव्हा सगळे गप्प बसतात.

वरच्यापैकीच तुमचं कारण असेल आणि फोटोत गाडी तुमचीच असेल, तर मुदतीत पैसे भरा आणि विषय संपवा. पोलिसांच्या नावाने बोटं मोडायची तर पावती घेतल्यावर मोडा.

या कारणांवर नक्की भांडा

पहिलं आणि सर्वात भक्कम कारण: गाडी तुमची नाही. एक तर कॅमेऱ्याने नंबर चुकीचा वाचला, किंवा कोणीतरी तुमच्या नंबरची बनावट प्लेट लावून फिरतंय. दुसरा प्रकार गंभीर आहे, कारण आज वेगाचं चलान आलं, उद्या अपघात किंवा चोरीचा तपास तुमच्या दारात येऊ शकतो. अशा वेळी चलानाच्या तक्रारीआधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. तीच पोच पुढच्या प्रत्येक तक्रारीला जोडायची आहे.

दुसरं: त्या वेळी तुमची गाडी दुसरीकडे होती. इथे फास्टॅगचं स्टेटमेंट उपयोगी पडतं. चलानाची वेळ सकाळी १०.४२, ठिकाण खालापूरच्या पुढे, आणि त्याच सकाळी १०.३५ ला तुमचा टॅग नाशिकच्या टोलवर कापला गेलेला असेल, तर प्रकरण तिथेच संपतं. सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड, सोसायटीच्या गेटचा सीसीटीव्ही, पार्किंगची पावतीही चालते. सीसीटीव्ही काही दिवसांत पुसला जातो, तो पहिल्याच दिवशी मागून घ्या. पण सांभाळून: फास्टॅग दोन्ही बाजूंनी बोलतो. दोन टोलनाक्यांमधल्या वेळा जोडल्या आणि त्यातून निघालेला सरासरी वेगच मर्यादेपेक्षा जास्त असला, तर तुम्ही स्वतःच्या विरुद्ध पुरावा नेऊन दिलात. जोडण्याआधी गणित करा.

तिसरं: गाडी विकलेली आहे. हा प्रकार फार सामान्य आहे. एजंटला गाडी दिली, पैसे घेतले, सह्या केलेले फॉर्म त्याच्याकडे सोपवले आणि आरसी तुमच्याच नावावर राहिली. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं (फॉर्म २९), घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नाव चढवून घ्यायचं असतं (फॉर्म ३०). विक्रीचा करार, गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती आणि फॉर्म २९ ची प्रत असेल तर तक्रारीत जोर येतो. काहीच नसेल तर चलान लढवणं अवघड. मग आधी आरटीओत नाव बदलण्याच्या मागे लागा, नाहीतर दर महिन्याला नवं चलान येत राहील.

चौथं: मर्यादेचा फलकच नव्हता, किंवा चलानवरची मर्यादा त्या ठिकाणची नाही. कमी वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार कलम ११२(२) खाली सरकारला आणि नेमलेल्या प्राधिकरणाला आहे. पण ती अधिसूचनेने ठरवावी लागते आणि रस्त्यावर तसे फलक लावावे लागतात. महिनाभरापेक्षा जास्त नसलेल्या तात्पुरत्या बंधनाला, म्हणजे रस्त्याचं काम वगैरे, अधिसूचना लागत नाही. फलक मात्र लागतो. इथे नुसतं ‘फलक दिसला नाही’ म्हणून भागत नाही. पुन्हा त्या बाजूला जाणं झालं तर शेजारी बसलेल्याला व्हिडिओ काढायला सांगा: आधीचा फलक, मग कॅमेऱ्याची कमान, सगळं सलग. डॅशकॅम असेल तर उत्तमच. वाहन चालवता चालवता स्वतः शूटिंग करू नका, त्याचं चलान वेगळं येईल.

पाचवं: मोजणाऱ्या यंत्राबद्दल शंका. नियम १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. शिवाय १ जुलै २०२५ पासून वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांची वैधमापन विभागाकडून पडताळणी करून त्यावर मुद्रा घेणं बंधनकारक झालं आहे. वाण्याच्या काट्यावर शिक्का मारतो तोच हा विभाग. प्रमाणपत्र बघायला मागणं हा तुमचा हक्क आहे. पण ‘यंत्र बिघडलेलं असणार’ हा अंदाज म्हणजे आक्षेप नव्हे. माहिती अधिकारात १० रुपये भरून त्या तारखेला लागू असलेलं प्रमाणपत्र मागा. उत्तराला ३० दिवसांपर्यंत वेळ असतो, म्हणून तक्रार थांबवून ठेवू नका, दोन्ही अर्ज एकाच दिवशी करा.

यातलाच एक धागा: रस्त्यावर उभ्या पोलिसाने नुसत्या नजरेच्या अंदाजाने वेगाचं चलान केलं असेल तर कलम १८३ मध्येच त्याला अटकाव आहे. एका साक्षीदाराच्या मतावर वेगाची शिक्षा देता येत नाही, ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापावर आधारलेलं असावं लागतं. स्पीडगन दाखवली, आकडा दाखवला तर प्रश्न मिटला. नाही दाखवली तर शांतपणे विचारा, ‘साहेब, रीडिंग बघू का?’ आवाज चढवलात तर वेगाचं राहील बाजूला आणि सरकारी कामात अडथळ्याची भाषा सुरू होईल.

ट्रक आणि डिलिव्हरीच्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. नोकरीवरच्या माणसाला मर्यादा मोडून गाडी चालवायला लावणाराही दोषी ठरतो. वेग मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असं वेळापत्रक छापलं किंवा तशी सूचना दिली, तर तो छापणाऱ्याविरुद्धचा सकृत्दर्शनी पुरावा धरला जातो. शेठचे ‘दोन तासांत पोच’ असे मेसेज पुसू नका.

तक्रार कशी लिहायची

महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर तक्रारीची सोय आहे. पैसे भरण्याआधी तक्रार करा. तडजोड झाली की प्रकरण बंद होतं, आणि बंद प्रकरणात ‘पैसे परत द्या’ म्हणत फिरणं म्हणजे दुसरीच वारी. मुदत चलानवर दिलेली असते. ती उलटली की चलान मान्यच आहे असं धरण्याकडे नियमांचा कल आहे, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

तक्रारीत आपला संताप लिहू नये. वाचणाऱ्यासमोर अशा तक्रारींचा ढीग असतो. पहिल्या दोन ओळींत मुद्दा आणि सोबत कागद असेल तर त्याचं काम सोपं होतं. नमुना असा:

‘चलान क्रमांक ... बाबत. चलानवर माझ्या कारचा क्रमांक आहे, परंतु फोटोतील वाहन पांढऱ्या रंगाची सेडान आहे. माझी कार लाल रंगाची हॅचबॅक आहे. आरसीची प्रत आणि कारचे पुढून व मागून काढलेले फोटो जोडले आहेत. चलानवरील वेळी माझी कार नाशिक येथे होती. त्या दिवसाचे फास्टॅग स्टेटमेंट जोडले आहे, संबंधित नोंद अधोरेखित केली आहे. बनावट नंबरप्लेटबाबत पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच सोबत आहे. सदर चलान रद्द करावे, ही विनंती.’

एवढंच. ‘मी तीस वर्षं कर भरतोय’ हे वाक्य खरं असलं तरी इथे नको. फलकाच्या मुद्द्यावर लिहीत असाल तर ठिकाण, दिशा, किलोमीटर आणि व्हिडिओची तारीख द्या. एका तक्रारीत पाच मुद्दे कोंबू नका. भक्कम असलेला एक किंवा दोन घ्या, कारण कच्चा मुद्दा शेजारी बसला की पक्काही कच्चा वाटायला लागतो. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा आणि दर आठवड्याला स्थिती बघा.

तक्रार फेटाळली तर

आता खरा निर्णय येतो. पुढचा रस्ता कोर्टाचा. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात गेलं तर घरबसल्या दोन पर्याय मिळतात: दंड मान्य करून भरणं, किंवा लढायचं आहे असं कळवणं. दुसरा पर्याय निवडला की प्रकरण त्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या नेहमीच्या कोर्टात जातं. समन्स आलं आणि गुन्हा मान्य असेल, तर कलम २०८ मध्ये हजर न राहता कबुली आणि दंड पाठवून देण्याचीही सोय आहे.

लढायचं असेल तर हिशेब सरळ मांडा. तुम्ही राहता नागपुरात आणि चलान रायगड जिल्ह्यातलं असेल तर तारखेला तिथे जायचं आहे. वकिलाची फी दंडापेक्षा सहज जास्त होते. एका दिवसाची रजा किंवा एका दिवसाचा धंदा जातो, आणि तारीख एकच पडेल याची हमी नाही. हे बघता फलक किंवा प्रमाणपत्राच्या तांत्रिक मुद्द्यावर, तेही फोटोत गाडी आपलीच असताना, घरगुती कारवाल्याने कोर्टात जावं असं मला वाटत नाही. तत्त्वासाठी लढणाऱ्यांना माझा नमस्कार, पण त्यांनी वेळ काढून ठेवावा. याउलट बनावट प्लेट असेल, किंवा लायसन्सवर पोट असलेल्या माणसाचा दुसरा गुन्हा मोजला जाणार असेल, तर कोर्टाची पायरी जरूर चढा. तिथे प्रश्न दोन हजारांचा राहत नाही.

एक मुद्दा तुम्हाला कोणीतरी सांगेलच: ‘सहा महिने थांब, चलान आपोआप रद्द होतं.’ यात अर्ध सत्य आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांनंतर घेऊ नये अशी तरतूद आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. वाहतूकदार संघटना हाच मुद्दा मांडत आल्या आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये राज्यात ई-चलानांच्या प्रश्नावर मालवाहतूकदारांचा संपही झाला. पण हा बचाव कोर्टासमोर मांडायचा असतो. पोर्टलवरची बाकी त्याने पुसली जात नाही. एनओसी काढताना किंवा गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना तीच बाकी आडवी येते, आणि तिथे खिडकीवरच्या बाबूला कलम ५१४ सांगून काही उपयोग होत नाही.

लोकअदालतीचा मेसेज

थकलेल्या चलानांसाठी ‘अमुक तारखेला लोकअदालतीत हजर राहा’ असा मेसेज येतो आणि घरात घबराट उडते. ते अटकेचं वॉरंट नाही. दावा दाखल होण्याआधी तडजोडीने मिटवून टाका, असं ते बोलावणं आहे. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. कोर्ट फी लागत नाही, वकीलही लागत नाही. काही ठिकाणी, काही वेळा दंडात सूट मिळते, त्यामुळे ‘लोकअदालतीत निम्म्यात होतं’ असे मेसेज फिरत असतात. सूट मिळेलच असं धरून मुद्दाम चलानं साठवू नका. जायच्या आधी जवळच्या वाहतूक शाखेत विचारून घ्या.

लोकअदालत तडजोडीसाठी आहे, तिथे खरं-खोटं ठरवलं जात नाही. शिवाय तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून ज्यांची पाच-सात जुनी, खरी चलानं थकली आहेत त्यांच्यासाठी ती चांगली जागा आहे. ज्यांचं म्हणणं ‘फोटोतली गाडी माझी नाही’ असं आहे त्यांनी तिथे जाऊन अर्ध्या पैशांत खोटा गुन्हा कबूल करू नये.

मिटल्यावर

पैसे भरलेत तर पावतीची पीडीएफ उतरवून घ्या, नुसता यूपीआयचा स्क्रीनशॉट पुरत नाही. काही दिवसांनी पोर्टलवर पुन्हा गाडीचा नंबर टाकून चलान ‘भरलेलं’ दिसतंय ना ते बघा. पैसे कापले गेले पण पोर्टलवर बाकी तशीच, असं झालं तर व्यवहार क्रमांकासह तिथेच तक्रार टाका, घाईने दुसऱ्यांदा भरू नका. चलान रद्द झालं असेल तर रद्द झाल्याचं पान छापून आरसीच्या पाकिटात ठेवा, गाडी विकताना ते दाखवावं लागतं.

आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल तर तो परिवहनच्या संकेतस्थळावर जाऊन आजच बदला. नाहीतर पुढचं चलान तुम्ही कधीच बंद केलेल्या सिमवर जाईल, आणि तक्रारीची मुदत तुम्हाला न कळताच निघून जाईल.